व्हीलचेअर घेऊन मित्रमैत्रिणींच्या घरी जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन्हीकडून येतात. नुकतेच व्हीलचेअरवर आलेले लोक विचारतात आणि त्यांचे मित्रही विचारतात, ज्यांना बोलवायचं असतं पण कसं बोलवावं ते सुचत नाही. मी पॅराप्लेजिक आहे, म्हणजे कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही, साधी हाताने चालवायची फोल्डिंग चेअर वापरते, राहते पुण्यात, माहेर डोंबिवलीचं, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येणार. पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी असणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, तेव्हा ज्याला बोलवताय त्याला विचारा, माझं वाचून परस्पर ठरवू नका.

जायच्या आधी समोरच्याला नेमकं काय विचारायचं?

"तुझं घर अ‍ॅक्सेसिबल आहे का?" हा प्रश्न विचारू नका, कारण उत्तर कायम "हो गं, लिफ्ट आहे ना" असंच येतं. आणि मग तिथे पोचल्यावर कळतं की खाली पार्किंग आहे आणि लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या. पुण्यात ठाण्यात अशा इतक्या बिल्डिंगी आहेत की मला वाटतं बिल्डरांना कोणीतरी सांगून ठेवलंय, लिफ्ट द्या पण पायऱ्या चढून आलेल्यालाच द्या. यात मित्र खोटं बोलत नसतो. चालणारा माणूस पायऱ्या मोजतच नाही, रोज चढतो आणि विसरतो.

म्हणून व्हिडिओ कॉल करायला सांगा. गेटपासून सुरुवात, फोन खाली धरून, चालत चालत लिफ्ट, मग लिफ्टच्या आत, मग घराचं दार, मग हॉल, आणि शेवटी बाथरूम, दार उघडून आतपर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर टेपने तीन मापं घ्यायला सांगा, लिफ्टची आतली खोली, घराच्या दाराची मोकळी रुंदी, बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी. मोकळी म्हणजे दार पूर्ण उघडल्यावर फळीच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत, नाहीतर लोक चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजतात आणि तीनेक इंच फुकटचे वाढतात.

आपली मापंही आपल्याला पाठ पाहिजेत. १८ इंची सीटची साधी चेअर चाकांच्या हाताने फिरवायच्या कड्यांसकट साधारण २५ इंच भरते, फूटरेस्ट धरून लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. पण कंपनीप्रमाणे फरक पडतो तेव्हा स्वतःची मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.

लिफ्ट आहे म्हटल्यावर अडचण काय?

लिफ्टमधली पाटी वाचा. "४ व्यक्ती, २७२ किलो" असं असेल तर (आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात) ती लिफ्ट आतून जेमतेम ७० सेंटीमीटर खोल असते, चेअर आत गेली तरी दार लागत नाही. ६ व्यक्ती ४०८ किलोवाली साधारण एक मीटर खोल, तिथे फूटरेस्ट काढून, पाय जरा मागे घेऊन, जमतं, पण सोबतच्याला जिन्याने पळावं लागतं. ८ व्यक्ती ५४४ किलोची असेल तर बहुतेक चेअर निवांत जातात. म्हणजे मित्राला फक्त पाटीचा फोटो काढून पाठवायला सांगितलं तरी अर्धं काम होतं.

जुन्या मुंबईतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये दोन्ही जाळ्या ओढल्यावर जी जागा उरते ती मोजा, गोळा झालेली जाळी बरीच जागा खाते. आणि लिफ्ट मजल्याशी समतल थांबते का तेही विचारा, दोन इंच खाली थांबली तर पुढची छोटी चाकं त्या फटीत अडकतात, अशा ठिकाणी नेहमी उलटं जायचं, मोठी चाकं आधी.

अजून एक, पुण्यात असाल तर गुरुवारी जाताना लिफ्टला बॅकअप आहे का विचारून ठेवा. मेंटेनन्ससाठी लाईट गेली की वर अडकलात.

लिफ्ट नाही, दुसरा मजला आहे. चौघं मिळून उचलून नेऊ, चालेल?

हे "चालेल" फक्त चेअरवरची व्यक्ती म्हणू शकते. मित्रांचं प्रेम मला कळतं, पण हवेत असताना पोटात गोळा माझ्या येतो. मी काही घरांना हो म्हणते काहींना नाही, आणि नाही म्हटलं की लोकांना वाटतं संकोच करतेय, मग आग्रह सुरू. जिलबीचा आग्रह वेगळा आणि हा वेगळा. एकदा नाही म्हटलं की सोडून द्या.

हो म्हटलं तर रीत अशी. चढताना चेअर उलटी करायची, पाठ जिन्याकडे. मागे सगळ्यात दणकट माणूस, तो हँडल धरून चेअर मागे कलती करतो आणि एकेक पायरी मोठ्या चाकांवर वर ओढतो. पुढे एक किंवा दोघं, त्यांनी चेअरची फ्रेम धरायची. फूटरेस्ट किंवा आर्मरेस्ट धरायचं नाही, ते निघणारे असतात आणि ऐन जिन्यात हातात येतात. ब्रेक काढलेले पाहिजेत कारण चाकं फिरायला हवीत. मागे छोटी टेकणाची चाकं असतील तर आधी वर वळवा. बेल्ट असेल तर लावा. बोलणारा एकच, "एक दोन तीन" म्हणणारा, आणि तो मागचा. प्रत्येक मजल्याच्या वळणावर थांबायचं, कोणाला हिरो व्हायचं नाहीये. उतरतानाही तोंड खालच्या बाजूलाच, चेअर मागे कललेली, मागच्याच्या हातात सगळा भार.

पॉवर चेअर असेल तर विसरा. बॅटरी आणि मोटरसकट तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे सहज जातं, मोठ्या चेअर शंभराच्या पुढे, वर माणसाचं वजन. जिना चढायला ती चीज नाहीच.

आणि ती आपली नेहमीची आयडिया, चेअर खाली ठेवून माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची उचलायची, ती कृपा करून नको. त्या खुर्चीचे पाय वाकतात, घामाने हात सटकतात आणि माझ्यासारखीला कमरेत ताकद नसल्याने तोल सावरता येत नाही. रात्री पार्टीनंतर खाली उतरवताना उचलणाऱ्यांनी घेतलेली असेल तर त्याहून नको. वर जाण्याआधीच ठरवा की खाली कोण आणणार आणि त्याने त्या दिवशी सरबतच प्यायचं.

एखाद-दोन पायऱ्याच आहेत, रॅम्प करता येईल का?

येईल, पण हिशेब करा. नियमाचा चढ १:१२, म्हणजे दर इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट फळी. तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट, तेवढी जागा पार्किंगमध्ये कुठून आणणार. मागे भरवशाचा माणूस असेल तर याहून उभा चढ एका पायरीला निभतो, तीन पायऱ्यांना फळी टाकून ढकलण्याचा प्रयोग मात्र करू नका, मी चेअर उलटलेल्या बघितल्यात.

घरातल्या उंबरठ्याला मात्र फळीच बेस्ट. दोन इंची उंबरठ्याला दोन फूट लांबीचा पाऊण इंची प्लायवूडचा तुकडा, खालून पट्टी मारलेली म्हणजे सरकत नाही. सुताराकडे उरलेल्यातून मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे रॅम्प पण मिळतात, महाग आहेत, पण ज्यांच्याकडे नेहमी जाणं आहे अशा दोन-तीन घरांत मिळून एक घेतला तर चांगलं. पेठांतल्या जुन्या वाड्यांचा दिंडी दरवाजा, तो गुडघाभर उंच उंबरठेवाला, त्याला फळीबिळी काही नाही, मोठा दरवाजा उघडायला सांगा, किल्ली कोणाकडे तरी असतेच आणि ती शोधायला अर्धा वाडा गोळा होतो.

सगळे चपला बाहेर काढतात. माझ्या चाकांचं काय?

हा प्रश्न यजमानाला विचारायला लाज वाटते आणि आपल्याला सांगायला. तर आपणच आधी बोलायचं. बॅगेत एक जुना टॉवेल आणि एक पाण्याची छोटी बाटली ठेवा, दाराशी थांबून ओला टॉवेल चाकावर दाबून धरा आणि चेअर हळूहळू पुढे न्या, चाकाचा पूर्ण फेरा झाला की झालं. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात ते घरूनच काढून निघा. पावसाळ्यात चिखल टायरच्या खाचांत बसतो, तिथे जुना टूथब्रश. आणि हाताने फिरवायची कडी पुसायला विसरू नका, कारण रस्त्याची घाण चाकावरून कडीवर, कडीवरून हातावर आणि त्याच हाताने पोहे.

यजमानांसाठी: काथ्याचं जाड पायपुसणं बाजूला करा, त्यात पुढची चाकं रुततात. हॉलमधला गालिचा पण गुंडाळून ठेवा. बाकी फरशी संध्याकाळी पुसाल ना, झालं तर मग.

काही घरात देवघर स्वयंपाकघरात असतं आणि आजींना चाकं आत आलेली चालत नाहीत. मी वाद घालत नाही, बाहेरून हात जोडते. माझं खासगी मत असं की देवाला चाकांचं वावडं असतं तर रथयात्रा निघाल्याच नसत्या, पण ऐंशी वर्षांच्या बाईंशी हे बोलून मला चहा थंड करायचा नसतो.

बाथरूमचं कसं करायचं? हे विचारायचं कसं?

सरळ. "काकू, तुमचं बाथरूम मला बघायचंय, वापरता येईल का ते कळायला." इतकंच. किती वेळ बसू शकते हे गप्पा ठरवत नाहीत, बाथरूम ठरवतं, आणि हे यजमानाला माहीत असलं तर "लगेच काय निघालीस" असं होत नाही.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्या दारांत बाथरूमचं दार अरुंद, अडीच फुटी, चौकट वजा करून मोकळे सव्वादोन फूट मिळाले तर नशीब. २५ इंची चेअर २७ इंचातून जाते पण बोटं सोलतात. त्यात पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी पट्टी किंवा आत दोन-तीन इंच उतार, आणि दार आत उघडणारं, म्हणजे चेअर आत गेली की दार लागतच नाही. यावर साधा उपाय आहे, दाराबाहेर चादर किंवा मोठी ओढणी पडद्यासारखी लावायची, दोन खिळे नसतील तर कोणीतरी मैत्रीण धरून उभी राहते आणि उगाच मोठ्याने गाणं म्हणते. पडद्याची सोय आधीच करून ठेवणारी मैत्रीण असली की मी तिच्याकडे परत परत जाते, हे तिलाही कळलंय.

चेअर दारातून जातच नसेल तर कमी रुंदीची आणखी एक चाकाची खुर्ची लागते, ऑफिसची चाकाची खुर्ची लोक आणून देतात, तिला ब्रेक नसतात, ओल्या फरशीवर ती तुमच्याखालून निघून जाते. नको.

कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, वापरणाऱ्यांना बाथरूमच पाहिजे असं नाही. आमच्यातले बरेच जण दिवसातून दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढतात, त्याला लागते एक बेडरूम, आतून बंद होणारं दार, हात धुवायला पाणी किंवा सॅनिटायझर, आणि दहा-पंधरा मिनिटं कोणी दार न वाजवणं. पिशवी किंवा बाटली आपली, ती रिकामी करायला फक्त संडासाच्या दारापर्यंत पोचणारं कोणीतरी, किंवा झाकण घट्ट लावून घरी. यजमानाला एवढंच सांगायचं, "मला पंधरा मिनिटं बेडरूम लागेल."

यावरचा सगळ्यात वाईट उपाय म्हणजे पाणी न पिणं. कुठे जायचं असलं की सकाळपासून घोटभर पाणी पिऊन राहणाऱ्या किती तरी बायका मला माहीत आहेत, आणि मग दोन दिवसांनी ताप, थंडी, युरिन इन्फेक्शन. ज्यांची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात आहे त्यांना तर मूत्राशय भरून राहिलं की अचानक बीपी चढतं, डोकं फुटायला येतं, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, ती इमर्जन्सी असते. अशा वेळी सरळ बसवायचं, घट्ट कपडे पट्टे सैल करायचे, लगेच लघवी काढायची किंवा नळी कुठे दुमडलीय का बघायची, आणि उतरलं नाही तर दवाखाना. सोबतच्या एका तरी मित्राला हे माहीत असू द्या.

संडास भारतीय असेल तर काही बोलायलाच नको, तिथे वेळ कमी ठेवा.

जेवायला कसं बसणार?

टेबल असेल तर त्याच्या एका बाजूची खुर्ची आधीच काढून ठेवा, मी आल्यावर सगळे उठून खुर्च्या सरकवायला लागतात ते टाळा. टेबलाच्या पट्टीखाली गुडघे गेले पाहिजेत, नाहीतर ताट फूटभर लांब आणि वरण कुडत्यावर.

पंगत असेल तर सगळे खाली आणि मी वर, यात मला काही वाटत नाही, उलट कोणाच्या ताटात किती श्रीखंड पडतंय ते दिसतं. फक्त ताट ठेवायला स्टूल द्या. मांडीवर नको. यात एक गोष्ट खरंच महत्त्वाची आहे, ज्यांना पायांना संवेदना नाही त्यांच्या मांडीवर गरम ताट, चहाचा कप, कुकरमधून काढलेलं भांडं "जरा धर गं" म्हणून ठेवू नका, चटका बसतो आणि कळत नाही, रात्री कपडे बदलताना फोड दिसतो, आणि आमच्या कातडीला तो बरा व्हायला आठवडे लागतात.

सोफ्यावर बसायचा आग्रहही तसाच. मऊ खोल सोफ्यात गेले की बाहेर यायला दोन माणसं. माझी चेअर आणि तिच्यावरची गादी मला मोजून घेतलेली आहे, तिच्यावर मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात टेकून वजन उचलते, जखम होऊ नये म्हणून. मध्येच मी अशी वर झाले तर निघाले नाहीये, बसा.

गणपती, दिवाळी, हळदीकुंकू, यात काय लक्षात ठेवू?

गणपतीत आरतीला सगळे उभे राहतात आणि मला दिसतात फक्त पाठी. कुडत्यांच्या, साड्यांच्या, एकाच्या खिशातल्या मोबाईलची. मूर्ती चौरंगावर, माझ्या डोळ्यांच्याच उंचीला असते खरं तर, पण मध्ये दहा-पंधरा जण टाळ्या वाजवत. तेव्हा आरतीआधीच चेअर पुढे कडेला लावून ठेवा, सुरू झाल्यावर "हिला पुढे येऊ द्या, हिला पुढे येऊ द्या" नको, सुखकर्ता मध्येच थांबतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. मोदक मागे बसूनही मिळतो, ती काळजी नाही.

गर्दीच्या दिवशी न जाता दुसऱ्या दिवशी दुपारी जाणं मला आवडतं, दीड दिवसाचा गणपती असेल तर तेवढी सवड नसते हे मान्य.

दिवाळीत रांगोळी. दाराच्या बरोब्बर मध्ये, गालिच्याएवढी, आणि तिथूनच मला आत यायचंय. चालणारे उडी मारतात. यजमानांनी फक्त कडेला काढावी, दाराच्या एका बाजूने तीन फूट सोडून, किंवा मी गेल्यावर काढावी. चाकाला लागलेला रांगोळीचा रंग घरभर फरशीवर दोन समांतर रेघा मारत जातो, आणि तो गेरू लवकर निघत नाही.

हळदीकुंकवाला संक्रांतीच्या दिवसांत एका संध्याकाळी सहा घरं करायची असतात, माझ्याच्याने दोन होतात. मी आधीच सांगते की मी दोनच घरी येणार, बाकीच्यांनी वाण पाठवा. पाठवतात.

मदत करावी का? चेअर ढकलावी का?

विचारून. मागून येऊन न सांगता ढकलू नका, माझी बोटं कडीवर असतात, चाकात जातात. चेअरच्या हँडलला पर्स, पिशव्या, ओले कोट अडकवू नका, मी उतरले की चेअर मागे पडते.

आणि माझ्याबरोबर नवरा असला की "त्या चहा घेतात का?" हे त्याला विचारू नका. तो आता शिकलाय, "त्यांनाच विचारा, मला तर घरी विचारूनही सांगत नाहीत" म्हणतो. वॉचमन "पेशंट कुठल्या फ्लॅटला?" विचारतो, त्याला मी मैत्रिणीचा फ्लॅट नंबर सांगते आणि पुढे जाते. टॉवरमध्ये सामानाच्या लिफ्टकडे पाठवायला लागले तर मात्र मैत्रिणीला खाली बोलवा, हे वॉचमनशी भांडून सुटत नाही, कमिटीशी बोलून सुटतं.

मुलांनी प्रश्न विचारले तर विचारू द्या. "मावशी, तुझे पाय झोपलेत का?" असं एका चार वर्षांच्या पोराने विचारलं होतं, त्याहून बरं मला पण समजावता येत नाही. आईवडील "शू, असं विचारायचं नाही" करतात त्याने पोर घाबरतं. चेअरवर चक्कर मारायची असेल तर मी बसलेली असताना मांडीवर, आणि मला विचारून.

मित्र नेहमी म्हणतात "तू कशाला त्रास घेतेस, आम्हीच येतो." यात चूक काय?

चूक काही नाही, पहिलं वर्षभर. अपघातानंतर सगळे माझ्याकडे आले, डबे घेऊन आले, पत्ते खेळायला आले, आणि मला बरं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की यांची घरं मला आता माहीतच नाहीत. एकीने स्वयंपाकघर नवीन केलं, मला फोटोत दाखवलं. दुसरीच्या सासूबाई तिच्याकडे राहायला आल्या, मी त्यांना भेटलेच नाही. मैत्रीण तिच्या घरात वेगळी असते हो, ओट्याशी उभी राहून पोराला ओरडत, एका हाताने कांदा चिरत जे बोलते ते माझ्या हॉलमध्ये पाहुणी म्हणून बसल्यावर बोलत नाही. मला ते ऐकायचं असतं. यजमानीण होऊन कायम चहा करत बसायचा मलाही कंटाळा येतो.

म्हणून मी आता स्पष्ट म्हणते, अर्धाच तास येईन, बाथरूम लागणार नाही अशा वेळी येईन, पण तुझ्या घरी येईन. ज्यांच्याकडे खरंच शक्य नाही, लिफ्ट नसलेला तिसरा मजला किंवा लाकडी जिन्याची चाळ, तिथे खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसतो, मैत्रीण वरून थर्मास आणि भजी घेऊन येते, शेजारच्या काकू पण येऊन बसतात. सोसायटीच्या बागेत, क्लबहाऊसमध्ये. हे घर नाही पण तिचा परिसर तरी आहे. हॉटेलात भेटणं मी शेवटचं ठेवते, कारण तिथे पण पायऱ्या असतात आणि वर बिल.

ज्या मित्रांना बोलवायला संकोच वाटतो त्यांना एवढंच, बोलवा आणि अडचण सांगा. "ये, पण तीन पायऱ्या आहेत आणि बाथरूम छोटं आहे" हे आमंत्रण आहे. अडचण आहे म्हणून न बोलवणं आणि मग ग्रुपवर फोटो टाकणं, ते लागतं.

जायचं कशाने?

आपली गाडी असेल तर प्रश्न नाही. कॅब मागवली तर फोन करून आधी विचारा की डिकीत सीएनजीची टाकी आहे का, बहुतेक टॅक्सी कॅबना असतेच, आणि मग फोल्ड केलेली चेअर डिकीत बसत नाही. मागच्या सीटवर उभी आडवी घालून किंवा टपावर कॅरियर असेल तर दोरीने बांधून. मोठी गाडी बुक केली तरी टाकीचं विचाराच. चाकं पटकन निघणारी चेअर असेल तर खूप सोपं जातं. मेट्रोला लिफ्ट आहेत, डब्यात चेअरची जागा आहे, खरी परीक्षा स्टेशनच्या बाहेर, फुटपाथवर गाड्या येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून चेअर जाते का ते बघा. मुंबई लोकलचा दिव्यांगांचा डबा आहे पण प्लॅटफॉर्म आणि डब्यातली उंची अंतर बघता चेअर घेऊन एकट्याने चढणं मी कोणाला सुचवणार नाही.

मुक्कामाला राहता येईल का?

येईल, तयारी जास्त. खाली गाद्या घालून झोपण्याची मजा आमच्यासाठी नाही, पलंग किंवा दिवाण हवा, चेअरच्या सीटच्या उंचीचा, म्हणजे गादीसकट अठरा ते वीस इंच. चेअर लावायला पलंगाच्या एका बाजूला तीन फूट जागा. अंघोळीला भोक असलेली चाकाची कमोड खुर्ची स्वतःची न्या, घडीची मिळते, ती बाथरूमच्या अरुंद दारातून पण जाते. पॉवर चेअर रात्रभर चार्जिंगला लागेल, पलंगाजवळ प्लग आहे का बघा.

सकाळी बाथरूम तासभर लागू शकतं. एकच बाथरूम आणि ऑफिसला जाणारी चार माणसं असतील तर मी सगळे गेल्यावर जाते, हे आदल्या रात्रीच ठरवून टाका.

गावी, कोकणात मित्राच्या घरी?

जा, पण पाऊस संपल्यावर. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, एकेक आठ-नऊ इंच, कडा झिजलेल्या, आणि पावसात शेवाळ. खळं शेणाने सारवलेलं असेल तर उन्हाळ्यात चेअर मस्त फिरते, ओलं असताना चाकं रुततात आणि सारवण उखडतं, घरच्या काकी काही बोलत नाहीत पण त्यांचा चेहरा बघवत नाही. तिकडच्या घरांचा फायदा म्हणजे पडवी. पडवीवर एकदा चढवलं की सगळं घर तिथे येऊन बसतं, जेवण तिथे, झोप तिथे. बाथरूम मात्र बहुधा घरामागे, वाटेत दगड, तेव्हा अंधार पडायच्या आत वाट बघून ठेवा. माणसांची कमतरता नसते, "उचलूया" म्हणायच्या आत दहा हात पुढे येतात, तिथेच जरा थांबवून वर सांगितलेली रीत समजावा.

मित्राच्या घराला काही कायदा लागू होतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक वापराच्या इमारती अ‍ॅक्सेसिबल करायचं बंधन आहे. मित्राच्या बाथरूमच्या दाराला तो लावायला जाऊ नका. सोसायटीच्या प्रवेशाशी रॅम्प हवा असेल तर मित्राने कमिटीला लेखी पत्र द्यावं, आणि पत्रात सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांचा उल्लेख करावा. गुडघे दुखणारे आजोबा कमिटीवर असतातच, रॅम्प तेच मंजूर करून घेतात.

आम्ही नवीन फ्लॅट घेतोय / घराचं काम काढतोय. तुझ्यासाठी काय बदल करू?

असं विचारणारे मित्र लाभले हे भाग्य. तर: बाथरूमचं एक तरी दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. दाराशी पट्टी नको, उतार आत जाळीकडे द्या. कमोडच्या एका बाजूला चेअर लावायला जागा आणि भिंतीत पक्का बार, टॉवेलचा रॉड नव्हे, तो हातात येतो. गुळगुळीत चकचकीत टाइल्स नकोत. लिफ्ट ८ व्यक्तींची असलेली बिल्डिंग बघा आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंत स्वतः चेअरवर असल्यासारखं बघत जा, पायरी दिसली की बिल्डरला तिथेच विचारा, बुकिंगच्या आधी, कारण नंतर तो फोन उचलत नाही.

भिंतीला, दाराला ओरखडे पडले तर?

पडतात. चौकटीचा पॉलिश जातो, भिंतीला फूटरेस्ट लागतो. सांगायचं, सॉरी म्हणायचं, आणि मैत्रीण चांगली असेल तर पुढच्या रंगकामापर्यंत ते तसंच ठेवते.

घरात कुत्रा आहे, चालेल का?

मला चालतो, त्याला चेअर चालते का ते विचारा. काही कुत्रे चाकांवर भुंकतात, काही थेट मांडीवर चढतात आणि पाय हलत नाहीत म्हणून तिथेच झोपतात. पहिल्यांदा जाल तेव्हा त्याला बांधून ठेवायला सांगा, चेअरला हुंगू द्या, मग सोडा. मांजर असेल तर काही करू नका, ती तुमच्या गादीवर तुम्ही पलंगावर गेलात की बसणारच.